सहा ग्लासांचा ठावठिकाणा

खासबाग, बेळगाव
शुक्रवार, २२ नोव्हेंबर २०२४

पहाटे नळाला पाणी आलं, भरून घेतलं. सकाळी निपाणीला गेलो, दुपारच्या बसने परत आलो. जेवण झालं आहे.

ती. स्व. आक्कांना श्रीनाथचा नमस्कार. सदलग्याच्या थंडीत आपला गुडघा काय म्हणतो? मी ठीक आहे (म्हणजे भात आता करपत नाही).

निपाणीला गेलो ते वसुधाच्या ग्लासांसाठी. आपल्या धाकट्या बहिणीचे ते सहा न फुटणारे ग्लास आपण पाहिलेच आहेत. पाहुणा आला की ती त्याच्यासमोर एक फरशीवर टाकायची. (खानापूरच्या व्याह्यांच्या वेळी त्यात चहा आहे, हे तिच्या लक्षात राहिलं नाही. ग्लासाला काही झालं नाही. व्याह्यांना धोतर बदलावं लागलं.) एकतीस वर्षांत एकही फुटला नाही, आणि ती गेल्यावर फडताळ उघडलं तर एकही जागेवर नाही. तिच्या रोजच्या हातातलं काहीतरी घरात असावं, म्हणून जुनं दुकान गाठलं. दुकानदार मारुतीराव म्हणाले, तो माल कधीच बंद झाला. ज्यानं एकदा नेला तो परत आलाच नाही, मग कारखाना चालणार कशावर? आता ते लवकर फुटणारे ठेवतात आणि सुखात आहेत.

परत आलो तर शेजारच्या गुणाबाईंच्या फळीवर आमचाच ग्लास. मग उलगडा झाला. वसुधा मागेल त्याला ग्लासातून विरजण द्यायची, आणि दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, म्हणून त्यात घालायला काही चांगलं सुचेपर्यंत लोक थांबले. गुणाबाई नऊ वर्षं थांबल्या आहेत. रिकामाच द्या म्हटलं, तर म्हणाल्या, "वसुधाताई असत्या तर दिला असता की. आता रिकामा कसा दिऊ, आप्पा? बरं दिसंल व्हय?" यंदा आमच्याकडे फराळ करायचा नव्हता, म्हणून चिवडा त्यांनीच आणला होता; पण डब्यातून, कारण ग्लासात तो फारच थोडा दिसला असता. आणखी चार घरांत हेच. (मी कुठेच आग्रह केला नाही.) सहाव्यातून आपणच गुढीपाडव्याला सदलग्याला विरजण नेलं होतं.

आपला,
श्रीनाथ

ता. क. ग्लास पाठवायची घाई नाही.

ता. क. २. खरं तर तो आपल्याकडेच राहू द्या. तेराव्याला मठ्ठा कमी पडतोय असं कोणी म्हणालं आणि मी घरातलं सगळं दही त्यात ओतलं, विरजणापुरतंही मागे ठेवलं नाही. तिचं विरजण एकतीस वर्षं चाललं होतं. गुणाबाई आता पाकिटाचं दही आणतात, बाकीच्यांकडेही ते टिकलं नाही. आपण मात्र तेच रोज लावता. रविवारी येतो. चमचाभर द्याल का? आजचं दूध तापवून तसंच प्यालो. पातेलं घासून पालथं घातलं.