ब्रेक ठीक आहेत

९ जानेवारी

ती. ताईस, धाकट्याचा प्रभूमध्ये सा. सलाम, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. खोकला अजून आहे म्हणतेस. मुख्याध्यापिका झालीस तरी खडू काही हातातून सुटत नाही, मग दुसरं काय होणार!

इकडची बातमी अशी, की एक तारखेपासून मी बस डेपोच्या वर्कशॉपचा मुख्य फोरमन झालो. अकरा वर्षं मला सगळे ‘पाद्रीबुवा’ म्हणायचे. दारू घेत नाही, खोटी हजेरी लावत नाही, म्हणून जेवायच्या सुट्टीत माझ्या बाकावर कुणी टेकत नसे. आता मॅनेजरसाहेब स्वतः हाक मारून आपल्या टेबलावर बसवतात. परवा खांद्यावर हात ठेवून चारचौघांत म्हणाले, की हा आपला माणूस. खोटं कशाला बोलू, ऐकून बरं वाटलं.

जेवण मात्र जात नाही. घरी ही म्हणते, डॉक्टरला दाखवा. बघू.

आजवर लावलास तसाच जीव लावत राहा, ही विनंती.

तुझा,
धाकटा

२१ जानेवारी

चि. धाकट्यास, ताईचे अ. उ. आ.

फोरमनसाहेब, अभिनंदन! महिला मंडळात सगळ्यांना सांगून आले. दोघींची तोंडं पाहण्यासारखी झाली होती. आपले बाबा जन्मभर उपदेशक म्हणून दारोदार हिंडले, कित्येकांनी त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. त्यांच्या मुलाला आज साहेबलोक शेजारी बसवतात.

एक गोष्ट खटकली. तुमच्या चर्चच्या पाळकबाई लिहितात, की तू चार महिने प्रभुभोजनाची भाकर वाटायच्या वेळी उठून बाहेर जातोस. मान मिळाला म्हणून देवाकडे पाठ फिरवायची? कान उपटायला मी लांब आहे, तेव्हा स्वतःच उपटून घे.

मुलींना गोड पापा. रागावले तरी माया आहेच, हे वेगळं लिहायला नको.

तुझी,
ताई

३ फेब्रुवारी

ती. ताईस सा. सलाम, वि. वि.

देवाकडे पाठ फिरवली नाही, ताई. तोंड दाखवायला जागा उरली नाही. आजवर कुणाला सांगितलं नाही ते तुला सांगतो.

दीड वर्षापूर्वी उतारावर आमची एक बस कठड्यावर आदळली. घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे आणि त्यांची सून, दोघं गेले. ड्रायव्हर सांगत राहिला, की ब्रेक लागलेच नाहीत, आदल्या दिवशी लेखी तक्रार दिली होती. तक्रार होती. माझ्याच हातात होती. मॅनेजर म्हणाले होते, गाड्या कमी आहेत, ही उभी करू नकोस. दर वेळी तू एकटाच नाट लावतोस, एकदा तरी आमच्यातला हो. मी चाक न उघडता कागदावर लिहिलं, ब्रेक ठीक आहेत.

अपघातानंतर त्यांनी तक्रारीचा कागद मागितला. दिला. कोर्टात बायबलवर हात ठेवून सांगितलं, की तक्रार आलीच नव्हती. ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता. रागानं नव्हे, मी आता तरी खरं बोलेन या आशेनं. मला पाद्रीबुवा म्हणून कधी न चिडवणारा तो एकटाच होता. सप्टेंबरात त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली.

आता कोर्टात जाऊन खरं सांगावं म्हणतो. तुझा शब्द हवा आहे.

हे वाचूनही मला भाऊ म्हणशील, या आशेवर,

धाकटा

११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

पत्र वाचून फाडलं. असलं काही परत कागदावर उतरवू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची. गेलेली माणसं परत येणार नाहीत, आणि तुझ्या दोन मुली मात्र उघड्या पडतील. खोलीचं दार लाव आणि देवाजवळ क्षमा माग. तो मन बघतो, त्याला कोर्टाचा शिक्का लागत नाही. तू गप्प राहावंस हीच त्याची इच्छा आहे असं समज. थोरल्या बहिणीचं एवढं ऐक.

काळजीत असलेली,
ताई

१९ मे

ती. ताईस सा. सलाम, वि. वि.

तुझं ऐकलं नाही. सहा आठवडे दार लावून क्षमा मागितली. दार लावलं, की आत मी आणि ड्रायव्हर दोघंच असायचो. शेवटी वकिलाकडे जाऊन सगळं लिहून दिलं.

मॅनेजर माझ्यावर ढकलतात, की कागद मीच हरवला. टेबलावरच्या सगळ्यांनी त्यांच्या हो ला हो मिळवलं. नोकरी गेली. खोट्या साक्षीचा खटला माझ्यावर उभा राहतोय. वकील म्हणतो, आत जायची तयारी ठेवा. ही मुलींना घेऊन माहेरी गेली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, की इतके दिवस मी कुणाच्या शेजारी झोपत होते? चर्चमध्ये मी बसतो ती रांग मोकळी असते.

तुरुंगात ड्रायव्हरला भेटलो. वाटलं होतं, शिव्या देईल, नाहीतर माफ करेल. त्यानं दोन्हींतलं काहीच केलं नाही. अपिलात तो सुटेल, असं मी सांगितलं. तो म्हणाला, माझी आई मला भेटायला निघते आणि कोपऱ्यावरून माघारी फिरते, लोक तिला खुन्याची आई म्हणतात. तिला खरं काय ते कोण सांगणार? मी म्हणालो, मी सांगतो. दोनदा गेलो. तिनं दार उघडलं नाही.

देवाची शांती मी समजत होतो तशी नाही, ताई. आनंद बिनंद काही नाही. तुरुंगाची भीती वाटते. पण गेल्या रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी उठून बाहेर गेलो नाही. भाकर घशाखाली उतरली. एवढंच.

रागावली असशील. तरी दोन ओळी लिही.

धाकटा

२ जून

धाकट्या,

आशीर्वाद लिहायला पेन टेकवलं आणि थांबले. तो द्यायचा अधिकार आज मला आहे असं वाटत नाही.

तुझं पत्र आलं, त्या दिवशी मी एका मुलीला खोटं बोलली म्हणून वर्गाबाहेर उभं केलं होतं. पत्र वाचलं आणि तिला आत बोलावलं. तुझ्या मुलींची काळजी मला होती, पण ते अर्धंच खरं. मंडळात तुझी फुशारकी मारून आले होते, आता तिथं तोंड कसं दाखवू, याची धास्ती जास्त होती. त्या धास्तीलाच मी देवाची इच्छा म्हटलं. हे पाप तुझ्यापेक्षा धाकटं नाही.

काल मंडळात उभी राहून सगळं सांगितलं, माझा सल्लाही. सभा लवकर आटोपली. चहाचा ट्रे माझ्यापर्यंत आला नाही.

शुक्रवारच्या गाडीनं निघते. स्टेशनवर येऊ नकोस, आधी ड्रायव्हरच्या आईकडे जाईन. दार उघडलं नाही तर पायरीवर बसेन. माझे गुडघे असे, की एकदा बसले की मला लगेच उठता येत नाही, हे तिला दिसेलच. उघडलं, तर तिचा हात धरून भर दिवसा त्या कोपऱ्यावरून तुरुंगाच्या फाटकापर्यंत नेईन. लोक दोघींकडे बघतील. बघू देत.

ताई