डोळ्याची उंची

घाटंजी
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय दिपाली,

मी बरी आहे. तुहे बाबा कापसाच्या वेचणीत आहेत, तेही बरे. तू कशी आहेस?

"अठ्ठावीसला शेवटची टेस्ट आहे. फोन करू नको," एवढंच पाठोलं तुनं. बरं, नाही करत. पत्र लिहू नको असं तं म्हटलं नाहीस ना?

पयले माह्या तक्रारी ऐक. तुह्या कॉम्प्युटरवरचं ते विमान मी चालू केलं. हो, मीच. दिवाळीपासून त्यावर चादर पडून होती. म्हटलं, पाहू तं खरं, तिकडं खऱ्या विमानात ही पोरगी उतरतानी दोन-दोनदा कायच्यात नापास होते.

पण ते धड बसू तं देते काय! दांडा मांगं ओढला का नाक वर जाते म्हणत होतीस ना? माह्या विमानाचं नाक खाली गेलं. चार खेपा जमिनीत घुसली. मंग माहनूरले बोलावलं. आपल्या गल्लीत कॉम्प्युटर क्लास घेते, तीच. ती म्हणे, "काकू, सेटिंग उलटी आहे." ते सरळ करता करता इंजिनचं बटन ब्रेकवर जाऊन बसलं. अर्धा दिवस गेला त्यात.

अन् ते कॅमेरे! एक आतून, एक मागून, एक पंखावरून, एक निस्ता त्या घड्याळासारख्या काट्यायसमोर. दांड्यावरचं ते टिकलीएवढं बटन दाबलं का मान फिरते. मी दाबलं, तं धावपट्टी सामोर अन् मी छत पाहून राह्यली. मान सरळ करेस्तोवर विमान कोणाच्या तरी तुरीत! इकडं बारा ब्लाउज पडून, गिऱ्हाइकं दारात, अन् टेलरबाई आपली मान शोधून राह्यली.

आठ दिवस असं चाललं. परवा एकदाची आतल्या कॅमेऱ्यातून पाहून उतरली. धड उतरली. माहनूरनं टाळी वाजोली. मले वाटलं, एवढंच तं आहे, मंग दिपाली कायले भेते?

त्यानंतर काय दाबल्या गेलं देव जाणे, धावपट्टीच गायब. सामोर निस्ती काट्यायची पाटी. मी माहनूरवर वरडली, "बिघडवलं ना!"

ती हासली. "काही बिघडलं नाही, काकू. तुम्ही विमानातली खुर्ची खाली केली. डोळ्याची उंची कमी झाली."

तसीच उतराले गेली. जमीन दिसत नाही, तं नाक कवा उचलू? आपटली. पुन्हा आपटली. दिवाळीत तू आणलेल्या नापासाच्या कागदावर तुह्या शिकोणाऱ्या साहेबानं लिहिलं होतं ना, "नाक उशिरा उचलते"? अगदी तसंच.

 वीस वर्षं झाले मी लोकायचे मापं घेऊन राह्यली. तुही बाही, तुही पाठ तोंडपाठ आहे मले. अन् तिथून तुले धावपट्टीच दिसत नसन, एवढं कळलं नाही.

"मंग ठेंगण्या माणसानं विमान चालवाचंच नाही काय?" मी विचारलं.

माहनूरनं शोधून पाह्यलं. म्हणे, "खूप जण खाली गादी घेतात, काकू. मागायची फक्त."

तू काहून मागत नाहीस, ते मले माहीत आहे. ते लिहाले दोन दिवस लागले.

मागच्या साली पांढरकवड्याचे लोक तुले पाहाले आले होते. माही चार फूट अकराची पोरगी मी त्यायले पाच फूट एक इंच सांगतली. उंच टाचेची चप्पल घालाले लावली. तू ती घालून पोहे नेले. अन् या दिवाळीत मावशीसमोर मीच म्हटलं, "भेव वाटते तं सोडून दे, एवढीशी तं आहेस." दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तू निघून गेलीस.

तू भित्री नाहीस, दिपाली. लपवाले मी शिकोलं तुले.

संग गादी पाठोत आहे. पयले कापसाची केली होती, पण बसल्यावर चेपते, म्हणून उसवून कडक फोम घातला. साहेबाले दाखोल्याबिगर विमानाच्या खुर्चीवर ठेवू नको. कापड मुद्दाम झेंडूच्या रंगाचं घेतलं, दुरून दिसते. पिशवीत घालू नको. सर्वायदेखत काखेत धरून जाय अन् सांग, माही उंची चार फूट अकरा आहे.

पास हो का नापास हो, घरी ये. मावशीलेही बोलावते. तिच्यासमोर बोलली होती, तिच्यासमोरच तुही माफी मागते.

तुहं माप खोटं सांगणारी,
तुही आई