बायपास नीट करायला जातेय

अहो,

तुम्ही दूध घेऊन याल तेव्हा मी घरात नसेन. मल्हारगंजहून प्रेमलताताई ऑटो घेऊन आलीय, तिच्याबरोबर दवाखान्यात भरती व्हायला जातेय. ऑपरेशन उद्या सकाळी आहे.

वजन कमी व्हावं म्हणून पोटाची बायपास केली, तिथला जोड आवळत गेलाय. पातळ खिचडीसुद्धा खाली उतरत नाही, उलटून पडते. काल डॉक्टर म्हणाले, "जोड पुन्हा करावा लागेल, उशीर नको." त्यावर तुम्ही पहिलं काय विचारलं? "वजन तर परत नाही न वाढणार?" मी शेजारीच बसले होते. घरी आल्यावर म्हणालात, "दिवाळीनंतर बघू." तेव्हाच मी ठरवलं. वाढलं तर वाढू दे वजन. मला पोटभर पोहे खायचेत आणि दम न लागता आपला जिना चढायचाय.

आईंची बीपीची गोळी डब्बीत काढून ठेवलीय, जेवणानंतर द्या. कपाटाची चाबी त्यांच्याच उशाशी आहे. वन्संचा फोन येईल. मला गॅसेस झालेत, असं या वेळी बिल्कुल सांगायचं नाही. बायपास बिघडली, ती नीट करायला गेलीय, असं सरळ सांगा. मला लाज वाटत नाही.

कागदावर सहीसाठी घरचं माणूस लागतं, ती सही माझी सख्खी बहीण म्हणून ताई करेल. तुम्ही यायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी शुद्धीवर येणार आहे, एवढं नक्की.

वृंदा