पहिला खेकडा समुद्राचा

ती. मातिरेमावशीस,

पारातेनेचा नाकाला नाक लावून नमस्कार (टपालातून जितका जमेल तितका). ब्रिस्बेनच्या उन्हाने तुझे गुडघे सुधारले असतील. इकडे सगळे खुशाल आहेत, माझी अब्रू तेवढी अंथरुणाला खिळली आहे. फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

मराएच्या सभाघरात जमून मंडळींनी मला खाडीचा राखणदार केलं हे तुला कळलंच असेल (मीच कळवलं होतं, तीनदा). कारण तो परका खेकडा. आशियातून जहाजांबरोबर ऑकलंडला उतरला आणि आता एकेक खाडी बळकावत आपल्याकडे सरकतोय. आपल्या तिसऱ्या शिंपल्यासकट फोडून खातो मेला. आणि मी तर सगळ्यांसमोर शब्द देऊन बसलोय की तुझ्या पंच्याहत्तरीला मराएवर आपल्याच खाडीच्या तिसऱ्या वाढणार. पाहुण्यांना दुकानातलं गोठवलेलं वाढलं तर घराण्याचं नाक कापलं जाईल, मग नमस्कार तरी कशाने करायचा?

खेकडा ओळखायला शिकवायला एक सरकारी बाई आल्या होत्या. डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा काटे दिसले की तोच समजा, फोटो काढा, पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाका, आणि काही झालं तरी परत पाण्यात सोडू नका. हे शेवटचं वाक्य मी आठवडाभर गावभर सांगत फिरलो. कुत्र्यालासुद्धा सांगितलं.

शनिवारी धक्क्यावर सगळा गाव जमला. मी (नवी टोपी घालून) पहिला पिंजरा ओढला. आत एकच खेकडा. सहा-सहा काटे! डावी नांगी तुटलेली, पोटाखाली अंड्यांचा हा गोळा. सगळ्यांना दिसावी म्हणून मी ती मादी उंच धरली. आणि तेवढ्यात मला लहानपणी कानाखाली बसलेली एक चापट आठवली: पहिली शिकार समुद्राची, समुद्रदेव तांगारोआची, ती परत द्यायची. मावशी, त्यानंतर माझा हात माझा राहिला नाही. डोळे मिटले, प्रार्थना म्हटली, आणि एकाही अंड्याला धक्का न लावता तिला अलगद पाण्यात सोडली.

डोळे उघडले तर सरकारी बाईंचं तोंड उघडं ते उघडंच. आमची ही, हुइया, म्हणाली, "धन्य आहे तुमची! बाळंतपणाला माहेरी धाडलीत का तिला?" त्यावर तामातीकाका म्हणाले, "अरे, मग वाटेत खायला चार तिसऱ्या तरी बांधून द्यायच्या होत्यास!" तेव्हापासून पोरं मला 'सुईणबाई' म्हणतात.

मला लाज वाटली, मावशी, खरंच वाटली. त्याच चिखलात पायाच्या बोटांनी तिसऱ्या चाचपायला तू मला शिकवलंस. आता रोज पिंजरे लावतो आणि रिकामे काढतो. काल गमबूट चिखलातच राहिले, मी तेवढा घरी आलो.

तुझा भाचा (हे नातं अजून कुणाला सांगितलं नसशील तर सांगू नकोस),
पारातेने

ता. क. : पुढच्या महिन्याच्या बैठकीत माझं राखणदारपण काढून घेणार आहेत. तुझ्या शब्दापुढे कुणी जात नाही. एक फोन करून एवढंच सांग, की पहिल्या शिकारीचा नियम परक्या खेकड्यांनाही लागू आहे.

आणखी एक : ती चापट कुणी मारली होती, हे मी सगळ्यांना सांगून टाकलंय. तुझी वाट बघतायत.

शेवटचं : हे पत्र दोन आठवडे फ्रीजवरच राहिलं, ते बरं झालं. आज ती पुन्हा पिंजऱ्यात आली. तीच, डावी नांगी तुटलेली. या वेळी प्रार्थना नंतर म्हटली. आता ती फ्रीजरमध्ये आहे, आइस्क्रीमच्या शेजारी. पण तिच्या पोटाखाली एकही अंडं उरलेलं नाही, पिल्लं खाडीत पसरली. तेव्हा फोनचं राहू दे. तूच ये, पंच्याहत्तरीची वाट बघू नकोस, आणि येताना पिंजरे ओढायला तुझे तिन्ही मुलगे घेऊन ये. तिसऱ्या अजून आहेत.