उंचीचा ठपका

माय, परवा दुपारी तुझं वाक्य आपल्या घरात पुन्हा ऐकू आलं. बोलणारी माझी सून होती. तिने ते तुझ्या तोंडून कधी ऐकलेलं नाही. ती या घरात आली तेव्हा तुला जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. तरी शब्द तेच, आणि बोलताना ओले हात पदराला पुसण्याची रीतही तीच. "माह्याच हाडाचं झालं व," ती आपल्या मुलीला म्हणाली. मुलगी, म्हणजे माझी नात, पोलीस भरतीच्या मैदानावरून नुकतीच परतली होती. वर्षभर ती पहाटे किन्हीराजाच्या डांबरी रस्त्यावर धावत होती. वाशीमला तिला धावूच दिलं नाही. आधी उंची मोजली, ती जेमतेम बोटाच्या पेराएवढी कमी भरली, आणि ती पुढच्या जीपने घरी आली.

माझा मुलगा जेवत होता. तो स्वभावाने वाईट नाही, पण घरातला ताण कमी करायचा तर बायकोवर विनोद करावा, अशी त्याची समजूत आहे. "तुह्या माहेरचं मापच तसं आहे," तो तिला म्हणाला. "दारं बी ठेंगणी ठेवतात तुमचे लोक." नातीने बुटाची नाडी सोडता सोडता उत्तर दिलं, "पप्पा, तुमी तं बोलूच नका. बल्ब बदलाले तुमाले स्टूल लागते." "अवं, ते स्टूलच बसकं झालं," तो म्हणाला, आणि दोघं हसली. सून हसली नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि घासलेलंच भांडं पुन्हा घासू लागली. मी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं, कारण हे मी एकदा पाहिलेलं होतं.

तेव्हा वाशीम वेगळा जिल्हा नव्हता, आपण अकोला जिल्ह्यात होतो. मी पोलीस भरतीहून परत येतो आहे. बाबा ओसरीवर बसले आहेत, खाकी गणवेश अजून अंगावर आहे, आणि बसलेले असूनही ते मला उभ्या माणसाइतके वाटतात. "भरली?" ते विचारतात. मी नाही म्हणून मान हलवतो. ते माझ्याकडे पाहत नाहीत, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहून, तुला ऐकू जाईल अशा बेताने म्हणतात, "तुह्या मायच्या घरचं माप निघालं." मी आत येतो. तू चुलीपुढे आहेस. वर्षभर रोज संध्याकाळी तू माझ्या नडग्यांना तेल चोळलं होतंस आणि घोटे धरून पाय हलकेच ओढले होतेस. अंगणातल्या चिंचेच्या फांदीला मला लोंबकळायला लावून खाली उभी राहून "अजून थोडं, बाबू, अजून थोडं" म्हणाली होतीस. आता तू हात पदराला पुसतेस आणि म्हणतेस, "माह्याच हाडाचं झालं रे. मले माफ कर." आईने मुलाची माफी मागावी असा हा कोणता गुन्हा, हे मला त्या दिवशी समजलं नाही. मी भाकरी मागितली आणि तू वाढलीस. पुढे तो ठपका तू जन्मभर वागवलास. माझ्या लग्नाच्या फोटोच्या वेळी तू पदराआडून एक वीट आणलीस आणि फोटोग्राफरला दटावलंस, "काय पाहून राह्यला? यावर उभा कर त्याले." त्या फोटोत मी नवरीहून उंच दिसतो आणि माझ्या पायांचा भाग कापलेला आहे.

माझं सगळं आयुष्य दुसऱ्यांचे खटले चालवण्यात गेलं. तुझा खटला मात्र कुणी चालवलाच नाही. फिर्याद झाली आणि शिक्षा सुरू झाली. म्हणून तो आज मी मांडतो. फिर्यादीचं म्हणणं असं की बाप उंच, आई ठेंगणी, मुलगा ठेंगणा. म्हणून ठेंगणेपण आईचं. ऐकायला हे सुसंगत वाटतं. पण पुरावा कसा निवडला गेला ते पाहा. बाबांचा सख्खा धाकटा भाऊ माझ्याहून उंच नव्हता. त्याच्याकडे बोट दाखवून बाबांच्या घराण्याचं माप कुणी काढलं नाही. उलट तुझा थोरला भाऊ तुझ्याकडे आला की ज्या फांदीला मी उडी मारून लोंबकळत असे, तिच्या चिंचा उभ्या उभ्या तोडायचा. त्याची उंची तुझ्या बाजूने जमा व्हायला हवी होती. ती कुणी धरलीच नाही. शिवाय माझं वाढीचं वय दुष्काळात गेलं. रेशनवरच्या लाल मिलोच्या, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीच्या, भाकऱ्या तू थापायचीस, त्या गिळवत नसत. त्याच वर्षी मला मुदतीचा ताप आला आणि उठलो तेव्हा भिंतीचा आधार घेऊन चालत होतो. पोटात काय पडलं याचाही उंचीशी संबंध असतो. ती भूक आणि तो ताप आरोपपत्रात कुठेच नव्हते.

राहिला मूळ प्रश्न, हाडाचा. नातीने बी. एस्सी. केलं आहे. मी तिला स्वयंपाकघरात बोलावलं आणि म्हटलं, "तुझ्या आईसमोर सांग. उंची येते कुठून?" ती म्हणाली, "आजोबा, उंचीचा काही एकच जीन नसते. हजारो ठिकाणचे बारीक बारीक फरक असतात. एकेकाचा वाटा केसाएवढा बी नाई." तिची आई भांडं घासतच राहिली. तेव्हा मला तुझा खेळ आठवला: फोडलेले चिंचोके, एका बाजूने काळे, एका बाजूने पांढरे, मुठीत खुळखुळवून फरशीवर टाकायचे. सुनेच्या डब्यात यंदाच्या चिंचेचे चिंचोके होते. नातीने ते अडकित्त्याने फोडले. पांढरा पडला तर उंचीत केसभर भर, काळा पडला तर काही नाही, असं ठरलं. ती टाकत गेली. बहुतेक वेळा पांढरे आणि काळे जवळजवळ सारखे पडत. कधी पांढरे बरेच जास्त, कधी काळे. माझा मुलगाही येऊन बसला आणि सगळे पांढरे पाडायचेच म्हणून हट्टाला पेटला. "पप्पा, चार जन्म टाका, तरी नाई होत," नात म्हणाली. मग तिने आईला समजावलं: आईच्या ढिगातले निम्मे, बापाच्या ढिगातले निम्मे, आणि तेही डोळे मिटून उचललेले. उंच माणसाच्या ढिगात काळे असतात, ठेंगण्याच्या ढिगात पांढरे असतात. दर मुलाच्या वेळी मूठ नव्याने भरते, म्हणून सख्खी भावंडंसुद्धा सारखी निघत नाहीत. एकेक चिंचोका दाखवून हा कुणाचा दोष, असं विचारता येत नाही.

मला वाटलं, खटला संपला. सुनेने एक चिंचोका उचलला, उलटा केला, पुन्हा सरळ केला. मग मला विचारलं, "मंग मामाजी, हिचं धावणं बी माह्यं नाई का? शाळेत मी पयली येत होती. हे पोरगी रस्त्यानं धावते तं माह्ये माहेरचे म्हणतात, पाय आईचे घेतले." उलटतपासणीत मीही इतका सरळ प्रश्न क्वचितच कुणाला विचारला असेल. ज्या युक्तिवादाने तिचा दोष सुटत होता, त्याच युक्तिवादाने तिने लेकीला दिलेलंही तिच्या हातून सुटत होतं. उत्तर नातीने दिलं. "तुह्यंच आहे व मम्मी. ते मी कोणाले देत नाई." हे शास्त्राला धरून नव्हतं. मी हरकत घेतली नाही. सुनेने चिंचोके डब्यात भरले, आणि मुलाने, बहुधा आयुष्यात प्रथमच, स्वतःचं ताट स्वतः उचलून मोरीत ठेवलं. आज पहाटे नात पुन्हा धावायला गेली. आता कशासाठी, हे तिने सांगितलं नाही. तिची आई मात्र ती वळणाआड जाईपर्यंत दारात उभी होती.

तेव्हा, माय, तुझ्यावरचा आरोप सिद्ध होत नाही. संशयाचा फायदा देऊन नव्हे, पूर्ण निर्दोष म्हणून तू सुटतेस. हे तुला चुलीपुढे त्याच दिवशी सांगता आलं असतं तर बरं झालं असतं; पण तेव्हा ते मलाच ठाऊक नव्हतं. पुढे मी वकील झालो तेव्हा घेतलेला काळा कोट गुडघ्यांपर्यंत येत होता. तू तो मांडीवर घेऊन बाह्या दुमडल्यास, खालची पट्टी आत घेतलीस, मला घालायला लावलास, आणि समोर उभी राहून गळ्याचं बटण लावलंस. त्या वेळी तुला टाचा उंचवाव्या लागल्या नाहीत आणि मला मान वाकवावी लागली नाही. बाबांना तुझ्याशी बोलायचं तर खाली पाहावं लागे, आणि ते पाहत नसत. बोलणं तुझ्या डोक्यावरून जाई. त्या घरात तुझ्या डोळ्यांना डोळे भिडतील एवढाच वाढलेला मी एकटा होतो.

तुला वाचता येत नव्हतं. हे पत्र कुणीतरी वाचून दाखवावं लागलं असतं, आणि शेवटची ओळ मी दुसऱ्या कुणाच्या तोंडी देणार नाही. म्हणून कागद त्याच कोटाच्या खिशात ठेवतो आहे. पुरावा नाही हे मी वर सिद्ध केलं आहे आणि त्यातला एकही शब्द मागे घेत नाही. तरीही, माय, माझी उंची मला तूच दिलीस असं मी मानत आलो आहे, आणि ते मला सोडवत नाही.