बाबांनी दारं नेली

ता. ९, सोमवार, दुपार

प्रिय दादा,

गोदामातली ओझी उचलून आखडलेली तुझी कंबर आता सुटली असेल, असं धरून लिहिते. आम्ही इथे ठीक आहोत. अक्षर मुद्दाम मोठं आणि सुटं काढते आहे, म्हणजे हे पत्र तुला कुणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही. घेऊही नकोस.

परीक्षा बरी गेली. शुक्रवारी वसतिगृहातून घरी आले, चपला काढल्या आणि तिथेच थबकले. पुढच्या खोलीतून सगळं घर आरपार दिसत होतं. आईची खोली, आपली खोली, स्वयंपाकघर. आतलं एकही दार जागेवर नव्हतं. नुसत्या चौकटी. न्हाणीघराला जुनी चादर टांगलेली.

"आई, चोरी झाली?"

"चोर बिजागऱ्यांना तेल घालून काम करतो होय? तुझे बाबा येऊन गेले."

आणि ती भाजी चिरायला लागली.

घटस्फोटाच्या निकालात घर आईला आणि जंगम सामान बाबांना मिळालं, हे तुला माहीत आहे. त्या दिवशी बाबांनी मला फोन केला होता. "शहाणे, जंगम म्हणजे काय गं?" मला वाटलं, कपाटाबद्दल, पलंगाबद्दल विचारताहेत. मी मास्तरीणबाईसारखं समजावून सांगितलं, भिंत न फोडता जे काढून नेता येतं ते. सुताराला हे सांगितलं, दादा! ज्याने स्वतःच्या घराच्या दारांत एक खिळा ठोकला नाही, सगळं स्क्रूवर बसवलं, त्याला! घरात मीच काय ती शिकलेली, म्हणून माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. भिंतीवर ओरखडाही नाही. मी बोट फिरवून पाहिलं.

शनिवारी आईच्या वकीलबाईंना फोन केला. त्या आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. "दारं? अगं, दारं घराचीच असतात. परत बसवायला सांग त्यांना."

मी धावतच बाबांच्या कारखान्यात गेले. दारं ओळीने भिंतीला टेकवलेली होती आणि बाबा फडक्याने पुसत होते. मी कायदा सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"असेल तसं. पण लाकूड मी निवडलं, रंधा मी मारला. तिने एकदा म्हणावं, राहू दे. आज सगळी परत बसवतो. नसेल म्हणायचं तर उद्या पुढचं दार न्यायला येतो."

"पुढचं? बाबा, आई एकटी असते तिथे!"

"म्हणून तर म्हणतो. म्हणू दे की."

घरी येऊन आईच्या मागे लागले. एकच तर शब्द, आई.

"लग्न झाल्यापासून मागतेच आहे मी. आजारी आईला भेटायला जायचं तरी मागून. आता स्वतःच्या घराला दार मागू?"

"मागायचं कशाला? कायद्याने तुझंच आहे ते."

"कायद्याने माझं आहे. केलंय त्याने. मला नको."

"अगं, पण दार आहे ते!"

"म्हणूनच."

इथपर्यंत जसं झालं तसं लिहिलं. पुढचं लिहायचं म्हणून सकाळपासून पेन खाली ठेवते आहे, उचलते आहे.

काल बाबा टेम्पो घेऊन आले. त्यांनी वरच्या बिजागरीला स्क्रू-ड्रायव्हर लावून पहिला स्क्रू सैल केला आणि मी म्हणाले, "बाबा, थांबा. आई म्हणाली, दार राहू दे."

मी खोटं बोलले, दादा. शेजारीण किती वाजले विचारते तेव्हा जी मी अंदाजे सांगत नाही, ती मी.

बाबांचा हात थांबला. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. ते सैल केलेला स्क्रू पुन्हा आवळायला लागले. तेवढ्यात मागून आवाज आला.

"मी असं काही म्हटलेलं नाही."

माझ्याकडे दोघांनीही पाहिलं नाही. स्क्रू पुन्हा उलटा फिरला. मग दार सुटलं. ते एकट्याला पेलणारं नाही. मी पुढे झाले, पण आईने मला बाजूला सारलं आणि दुसरं टोक स्वतः उचललं.

"सांभाळ, उंबरा आहे," बाबा म्हणाले.

"ठाऊक आहे. घर माझं आहे."

"डावीकडे घे."

"घेतलंय."

"टेकवू?"

"हळू."

कपाट हलवताना बोलायचे ना, अगदी तसेच बोलत होते. दार कुठेही न आपटता टेम्पोत चढलं. बाबा ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. आईने उंबऱ्यावरचा भुसा झाडला आणि मला विचारलं, "चहा घेशील?"

मी घेतला. अजून मला ते खरं वाटत नाही.

आई म्हणते, लोखंडी दार करायला टाकलंय, होईल आठ-दहा दिवसांत. ती शांत झोपली. मी उघड्या चौकटीत दोन खुर्च्या लावल्या, त्यांवर पातेली रचली आणि रात्रभर आडवी पडून होते. आतासुद्धा रस्त्याने जाणारा येणारा थेट माझ्या वहीत बघतो.

दादा, घरी ये. आईने बोलावलंय असं लिहिलं असतं तर तू मिळेल त्या गाडीने निघाला असतास, हे मला कळतं. पण तिने बोलावलेलं नाही. मी बोलावते आहे.

दाराच्या जागी बसलेली,
तुझी शहाणी