दोघांचा वस्तरा

दादा,

तू दवाखान्यात आहेस आणि बाबा इथे म्हणतात, "लिव्हर काय उगाच सडतं? लपूनछपून पीत असणार." मी मान खाली घालून जेवतो.

तू थेंबालाही शिवला नाहीस. लॅबमध्ये रक्तातून पसरणाऱ्या काविळीच्या रोग्याची सुई मला टोचली होती. नोकरी जाईल म्हणून गप्प बसलो, आणि आपण एकाच वस्तऱ्याने दाढी करत राहिलो. आज दोघांच्या जनुकांचे रिपोर्ट आले. माझ्या शरीराने विषाणू हुसकावला, तुझ्या शरीराला ते जमलं नाही. फरक एका जनुकाचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही नशीबवान."

'बाबांना सांगतो' हे वाक्य चार वेळा लिहून खोडलं. आत्ता ते तुझ्या खोलीत बाटली शोधताहेत. कपाट सरकवायला मला हाक मारताहेत, आणि मी उठतोय.

तुझा,
धाकटा